नक्की, बहुतेक आणि देवाची कृपा

त्यांच्या घरी जेवायला बोलावलं असलं की मी घरून पोळीभाजी खाऊन निघत असे. पहिल्या वेळी ही अक्कल नव्हती. ॲडलेडला येऊन जेमतेम महिना झाला होता, मॉसन लेक्समध्ये एका युनिटमध्ये राहत होतो, स्वतःच्या हातच्या खिचडीला विटलो होतो. ऑफिसातल्या एका वरिष्ठ मराठी माणसाने “रविवारी दुपारी जेवायला ये” म्हटल्यावर मी सकाळी मुद्दाम चहावर भागवलं. साडेबाराला पोचलो तर ओटा लख्ख, शेगडी थंड. मी, एक तेलुगू जोडपं आणि शेजारचा एक ऑस्ट्रेलियन म्हातारा असे चौघे सोफ्यावर बसलो, तेव्हा त्यांनी आम्हाला एकदा डोळ्यांनी मोजलं आणि मग तांदूळ धुवायला घेतले.

“फोनवर सात जण हो म्हणाले होते,” ते म्हणाले. “पण हो म्हणण्याला काय अर्थ आहे? उंबऱ्याच्या आत आला तो नक्की. गाडीत बसला तो बहुतेक. आणि ‘येतो हं, एकदम पक्का’ म्हणणारा म्हणजे देवाची कृपा. मी भात फक्त नक्कीचा लावतो.”

पावणेतीनला पानं वाढली. तीनला उरलेले तिघे हसत हसत आत आले आणि चौघांच्या भाताचे सात वाटे झाले. वरण पातळ करण्यात आलं. त्या म्हाताऱ्याने घरून ब्रेड आणला, त्याला हे सगळं ठाऊक असावं. निघताना ते मला म्हणाले, “पोट भरलं ना रे?” आणि हे त्यांनी इतक्या मनापासून विचारलं की मी हो म्हणालो.

मला हा माणूस कळला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ऑफिसात सगळे त्यांना ‘प्रोफ’ म्हणत, मी ‘सर’ म्हणे. एकदा चुकून ‘काका’ म्हणालो तर म्हणाले, “काका म्हणालास तर तुझ्या विहिरी मी तपासणार नाही. नातेवाइकांच्या विहिरी मी तपासत नाही.”

विहिरी म्हणजे गॅसच्या. आमची कंपनी ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला नैसर्गिक गॅस शोधायची. वर्षातले चार-पाच महिने तिथले रस्ते पाण्याखाली असतात आणि उरलेले महिने धुळीखाली. जमिनीच्या पोटात दोन-तीन किलोमीटर खाली गॅस किती आहे, हे कोणीच पाहिलेलं नसतं. विहीर खणायची, तिचा दाब मोजायचा, काही दिवस गॅस काढायचा, मग ती बंद करून दाब परत किती चढतो ते बघायचं आणि त्यावरून आत किती माल असेल याचा अंदाज बांधायचा. हा अंदाज तीन थरांत मांडतात. इंग्रजीत त्यांना भारदस्त नावं आहेत. सरांनी मराठीत त्यांची तीन नावं पाडली होती: नक्की, बहुतेक आणि देवाची कृपा. दर डिसेंबरअखेरीस साठ्याचा अहवाल निघायचा आणि त्यावर सही सरांची असायची. त्यांची सही नसेल तर कंपनीच्या लेखी तो गॅस जमिनीत नव्हताच.

आकडे कापणं हा त्यांचा छंद होता. मी एखादा आकडा नेला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, कागद नाकाजवळ धरायचे आणि विचारायचे, “हे विहिरीने सांगितलं की तू?” बाहेरही तीच तऱ्हा. कुणी म्हणालं की मुलगा युनिला पहिला आला, तर हे म्हणणार, “वर्गात किती होते?” गाडी ते नेहमी तोंड बाहेर करून लावायचे. फील्डवर हा नियमच असतो, आग लागली तर पळता यावं म्हणून, पण हे वूलीज्‌ या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येसुद्धा मागे-पुढे, मागे-पुढे करून सगळ्यांना खोळंबून ठेवायचे. मागचा हॉर्न वाजवायचा, हे खिडकीतून हात काढून “नो वरीज” म्हणायचे, जणू काही चूक त्या हॉर्नवाल्याची आणि यांनी त्याला माफ केलं.

आणि त्यांचं ते गेज. तळहाताएवढी, काटा असलेली, पितळी कडेची दाबाची तबकडी. आसामात तरुणपणी नोकरी केली तेव्हाची. ती एका चॉकलेटी माकडटोपीत गुंडाळून कपाटात ठेवलेली असायची. विहिरींवर सेन्सर बसवलेले असतात, ते दर मिनिटाला आकडा उपग्रहावरून आमच्या स्क्रीनवर पाठवतात. पण अहवालावर सही करण्याआधी सर स्वतः उत्तरेला जायचे, प्रत्येक मुख्य विहिरीवर आपलं गेज लावायचे आणि काटा डोळ्यांनी बघायचे. दुसऱ्याने बघितलेला चालत नसे.

कोविडच्या आदल्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. काय बघायला मिळालं म्हणाल, तर एक म्हातारा माणूस. लाल माती, माणसाच्या उंचीची वारुळं, बेचाळीस डिग्री ऊन आणि त्यात घडीच्या खुर्चीवर छत्री घेऊन हे बसलेले, समोर काटा. काटा हलत नव्हता. हेही हलत नव्हते. फील्डची देखभाल करणारी ट्रेसी म्हणून एक बाई होती, जवळच्याच गुरांच्या फार्मवर राहायची, तिची तीन कुत्री कायम तिच्या युटमध्ये, म्हणजे मागे उघड्या हौद्याच्या गाडीत. ती मला म्हणाली, “मेट, तो तासभर असाच बसतो. मी आधी घाबरायचे, म्हटलं गेला की काय.” तासाने सर उठले, वहीत एक आकडा लिहिला आणि ट्रेसीच्या कुत्र्यांना एकेक पार्ले-जी दिलं. स्क्रीनवर तोच आकडा होता, अगदी तोच. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “हो ना. पण आता मला झोप लागेल.”

मग सगळंच बिनसलं. माझी बायको प्राजक्ता बाळंतपणाला पुण्याला गेली होती. मी मेमध्ये जाणार होतो. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. एप्रिलमध्ये मुलगी झाली. मी ती फोनवर बघितली, बहुतेक वेळा तिच्या नाकपुड्याच, कारण सासूबाईंना फोन कसा धरायचा ते शेवटपर्यंत जमलं नाही. मी टेम्पररी व्हिसावर होतो. बाहेर गेलो तर परत येता येणार नव्हतं आणि त्या दोघींना इकडे येता येत नव्हतं. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, असलेल्यांच्या बायकामुलांना सवलत होती. माझी पीआर कंपनीने अर्ज केल्यावर, म्हणजे तीन वर्षं पुरी झाल्यावर, पुढच्या फेब्रुवारीनंतर. तोवर नोकरी टिकायला हवी होती. नोकरी टिकली तर पीआर, पीआर आली तर मुलगी. माझ्या डोक्यात त्या वर्षी दुसरं काही नव्हतं.

बाकी सगळा गोंधळ होता. आज मास्क नको, उद्या हवा. परवा दुकानात तीनच माणसं. सकाळी एक नियम, आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, दुसरा. ऑफिस घरून सुरू झालं आणि सरांनी लॅपटॉपचा कॅमेरा छताकडे करून ठेवला. दीड वर्ष आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एका चौकोनात पंखा फिरत असायचा आणि त्यातून त्यांचा आवाज यायचा. आमचा मॅनेजर ग्रेग, भला माणूस, एकदा म्हणाला, “प्रोफ, तुझा चेहरा दिसत नाही.” तर पंख्यातून उत्तर आलं, “चेहऱ्याचा आकड्याशी काय संबंध?” पंखा बंद असेल त्या दिवशी आम्ही काळजी करायचो.

उत्तरेत त्याहून गंमत झाली. फील्डवर माणसं विमानाने तीन-तीन आठवड्यांच्या पाळीवर जायची. ते जाणं बंद झालं, म्हणून विहिरीही बंद कराव्या लागल्या. एरवी आम्ही दाब बघायला विहीर दहा-बारा दिवस बंद ठेवायचो. आता ती महिनोन्‌महिने बंद. आणि स्क्रीनवर दाब चढत राहिला. मे, जून, जुलै. थोडा थोडा, पण थांबेचना. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघायचो. मग हिशोब मांडला. दाब इतका चढतो याचा अर्थ आत जोडलेला गॅस आम्ही समजत होतो त्याहून पुष्कळ जास्त आहे. आमच्या धंद्यात याला साठा वाढला म्हणतात. खरं तर जमिनीत गॅस होता तेवढाच असतो, वाढते ती आपली माहिती.

नोव्हेंबरात ग्रेगने मला फोन करून सांगितलं की वरचे लोक उत्तरेचं काम गुंडाळायच्या विचारात आहेत. “पण मेट, तुझा आकडा अहवालात ‘नक्की’मध्ये गेला तर फील्ड राहील आणि टीमही राहील. प्रोफची सही मिळव.”

मी मास्क लावून सरांच्या घरी गेलो. त्यांनी मला अंगणात बसवलं, स्वतः खिडकीच्या आत बसले. कागद खिडकीतून आत गेला. पाऊण तास ते वाचत होते.

“हिशोब चोख आहे,” शेवटी ते म्हणाले. मी सुटलो. मग म्हणाले, “पण गॅस वाढला नाही रे, तुझी हिंमत वाढलीय.”

“सर, दाब स्क्रीनवर दिसतोय.”

“तो सेन्सर आठ महिने पन्नास डिग्रीत एकटा बसलाय. त्याला कुणी भेटलेलं नाही, तपासलेलं नाही. तू चार भिंतींत आठ महिने बसलास तर भिंतीशी बोलायला लागलास. मग त्याचं बोलणं मी खरं कसं मानू?”

“मग ट्रेसीला सांगू? ती काटा वाचून फोनवर सांगेल.”

“तिचा आकडा तिचा. सही माझी.”

मला राग आवरला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, फेब्रुवारी, पीआर, प्राजक्ता. मुलगी रांगायला लागलीय आणि मी ते व्हिडिओत बघितलं, तेही अडकत अडकत. खिडकीच्या आत ते मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी हात वर केला, ट्रॅफिक पोलीस करतो तसा.

“हे मला सांगू नकोस. ऐकलं की आकडा बिघडतो.”

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. तडक माझ्या तोंडावर. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. प्राजक्ताला फोनवर त्यांना शिव्या घातल्या. ती म्हणाली, “अरे, त्यांनाही त्यांचं काही असेल.” मला काही ऐकायचं नव्हतं.

आठवड्याने मीटिंगमध्ये पंखा दिसला नाही, चौकोनच नव्हता. ग्रेग म्हणाला, “प्रोफ उत्तरेला गेलाय.” कोणाचा विश्वास बसेना. ॲडलेडमध्ये तेव्हाच पुन्हा केसेस निघाल्या होत्या. इथून जाणाऱ्याला तिकडे चौदा दिवस सरकारी क्वारंटाइनमध्ये राहावं लागे. एकसष्ट वर्षांचा, मधुमेह असलेला माणूस, घरात तांदळाचा डबासुद्धा पुसून घेणारा, माकडटोपीत गेज गुंडाळून एकटा निघाला होता. त्यांची बायको नागपूरला असायची, तिथे तिची शाळा होती. तिने मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच. “तुम्हाला काही बोलले का हो ते? मला म्हणाले, काटा बघून येतो.” मी म्हटलं, “मला तर काहीच बोलले नाहीत.”

क्वारंटाइनमधून त्यांचे मेसेज यायचे. ‘आज राजमा. बरा होता.’ ‘शेजारच्या खोलीत सतार वाजते. कदाचित फोन असेल.’ माझ्या आकड्याबद्दल एक अक्षर नाही. चौदा दिवस झाले. मग भाड्याच्या गाडीतून तिथून दक्षिणेला, फील्डकडे निघाल्याचा एक मेसेज. मग चार दिवस काहीच नाही. त्या चार दिवसांत मी मुलीशीसुद्धा धड बोललो नाही.

पाचव्या दिवशी मेल आली. दोन ओळी. ‘उत्तरेहून परत निघालो आहे. आकडा मान्य. सही केली.’

मी ती मेल उभा राहून वाचली, बसून वाचली. आकडा कापलेला नव्हता. माझा होता तसाच, शेवटच्या अंकापर्यंत. या माणसाने माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आलेल्या लोकांचा आकडासुद्धा ऐकून निम्मा केला होता. मी फोन केला. “सर, काटा किती होता?”

“सही केली ना? मग झालं,” ते म्हणाले. “आता फेब्रुवारीपर्यंत आजारी पडू नकोस.”

फील्ड राहिलं. टीम राहिली. फेब्रुवारीनंतर कंपनीने अर्ज केला, हिवाळ्यात पीआर आली. मधे भारतातून येणारी विमानंच बंद झाली, तेव्हा मी परत एकदा वेडा व्हायचा बाकी राहिलो. शेवटी प्राजक्ता आणि मुलगी आल्या, तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. क्वारंटाइन संपवून घरी आल्यावर मी तिला उचलून घेतलं तर ती रडली नाही. माझ्याकडे नीट बघितलं आणि मग प्राजक्ताच्या फोनकडे बोट करून म्हणाली, “बाबा.” तिच्या लेखी बाबा तिथे राहत होता. हे असं आठ-दहा दिवस चाललं. मी हसायचो आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचो.

सर निवृत्त होऊन नागपूरला परत जायच्या आधी आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले. मुलीकडे बघितलं, तिचं वजन विचारलं. प्राजक्ता म्हणाली, “सर, आत तरी या, चहा टाकते.” तिला त्यांच्या पाया पडायचं होतं, ते मागे सरकले. म्हणाले, “तुमची गाडी चुकीच्या तोंडाने लावलीय. आग लागली तर या पोरीला घेऊन कसे निघाल?” आणि गेले. मी जाऊन गाडी फिरवून लावली. दुसरं काय करणार?

सीमा उघडल्यावर, बावीस साली, मी उत्तरेला गेलो. ट्रेसी तशीच होती, कुत्री मात्र दोनच उरली होती. विहिरीवरून परत येताना मी तिला सहज म्हटलं, “प्रोफ इथेच बसले असतील ना, त्या डिसेंबरात? पावसात छत्री तरी कामाला आली असेल.”

ती म्हणाली, “कुठल्या डिसेंबरात? तो इथे आलाच नाही, मेट.”

तिने सांगितलं ते असं. त्या वर्षी पाऊस लवकर लागला. हायवेवरच्या रोडहाउसपर्यंत, म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ आणि चार खोल्या असतात तिथवर, सर पोचले. पुढे नाल्याला पूर, फील्डचा रस्ता बंद. ट्रेसी पलीकडे, विहिरींच्या बाजूला. ते तीन दिवस रोडहाउसवर बसून राहिले आणि रोज आर्वोला तिला फोन करायचे.

“मी म्हटलं, मी जाऊन काटा वाचते, सांगते तुला. पाच मिनिटांचं काम. तर म्हणाला, नको, फोनवरचा आकडा मी घेत नाही. म्हटलं, मग आठवडाभर थांब, पाणी उतरेल. तर म्हणाला, आठवडा नाहीये, अहवाल आहे. मग कुत्र्यांची चौकशी करायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ट्रेसी, मी निघतो. बस.”

“मग त्यांनी आकडा बघितलाच नाही?”

“कुठून बघणार? चाळीस किलोमीटर लांब होता.”

परतीच्या सात तासांच्या ड्राइव्हमध्ये मी याचा विचार करत होतो आणि मला काहीच सुधरत नव्हतं. एकदा वाटलं, त्यांना माझा हिशोब पटला होता, म्हणून काट्याची गरज उरली नसेल. पण पटला असता तर चौदा दिवस कोंडून घ्यायला गेले कशाला? मग वाटलं, ट्रेसीने काटा वाचून सांगितला असता आणि तो कमी निघाला असता, तर त्यांना सही करता आली नसती. म्हणून त्यांनी तो ऐकलाच नाही. असं असेल तर त्या माणसाने स्वतःचा आयुष्यभराचा नियम मोडला, आणि मोडताना त्याच नियमाचा आडोसा घेतला. मग वाटलं, असं काही नसेल, म्हातारा दमला असेल, पावसाला कंटाळला असेल. मी त्यांना फोन केला नाही. काय विचारायचं होतं? आणि उत्तर आलं असतं तर मी त्याचं काय करणार होतो?

आता अहवालावर सही माझी असते. विहिरी पुन्हा सुरू झाल्या, काही वर्षं चालू राहिल्या आणि दाब भराभर उतरायला लागला. त्या सेन्सरचा आकडा चढला होता, विहिरीचा नव्हे. मी तीन-तीनदा हिशोब केला, आकडा वर ठेवायची वाट शोधली, ती सापडली नाही. अहवालात जुना आकडा खाली आणायचा असला की कारण द्यावं लागतं आणि जुन्या आकड्यावर सही कोणाची होती ते शेजारी छापलेलं असतं. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं. मी नागपूरला फोन लावला.

“सर, आपला वीस सालचा आकडा खाली आणावा लागतोय.”

“किती?”

मी सांगितलं.

“म्हणजे आधी होता तिथेच.”

“त्याच्याहीपेक्षा थोडा खाली.”

“मग आण की. विचारतोस काय?”

“तुमचं नाव आहे तिथे.”

“माझं नाव असणारच. सही मी केली होती.”

मला राहवलं नाही. “सर, तुम्ही तिथे पोचलाच नव्हतात. ट्रेसीने सांगितलं मला.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी ती संपू दिली.

“आसामात होतो तेव्हा माझा मुलगा झाला,” ते म्हणाले. “मी एका विहिरीचा काटा बघत होतो. बघून मग गेलो. तो अकरा महिन्यांचा झाला होता. विहीर कोरडी निघाली ती निघालीच.” मग म्हणाले, “एकतीस वर्षं सह्या केल्या, सगळ्या बघून. त्यातली एक आठवत नाही. ही एक पाठ आहे.”

“सर, माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठी वगैरे काही नाही. उगाच मोठा होऊ नकोस. आकडा खाली आण. कारण लिही, आधीचा अंदाज चुकला. आणि कुठेही गोड करून लिहू नकोस, मला चालणार नाही.” आणि फोन ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: आधीचा अंदाज चुकला. मग ते खोडलं, कारण तो अंदाज नव्हताच, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. खरं काय होतं ते त्या रकान्यात मावणारं नव्हतं, आणि मावलं असतं तरी मला धड माहीत नव्हतं. आतून मुलगी ओरडली, “बाबा, आर यू कमिंग ऑर नॉट?” तिला पोहायला न्यायचं होतं, टॉवेल गळ्यात घालून ती दारात येऊन उभी राहिली, पुढचे दोन दात पडलेली.

“वन मिनिट,” मी म्हटलं, आणि तेच वाक्य पुन्हा टाइप करून खाली सही केली.